चढली कधी, उतरली कधी आणि गेली कधी : उर्राकापासून झोपेच्या गोळीपर्यंत

खल-बत्ता (डिचोली)
१२ एप्रिल, रात्री १०.४०

काजूचा मोसम लागला की आमच्या घरी पाहुण्यांचा राबता वाढतो. यंदा मेव्हणा कोल्हापूरहून आला. फेणीचा वास त्याला सोसत नाही, पण उर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, त्याच्या लेखी सरबत. लिमका, चिमूटभर मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, बर्फ. रात्री नऊ ते बारा अंगणात बसून एक आख्खी बाटली त्याने एकट्याने संपवली आणि वर मलाच ऐकवलं, "दाजी, ह्यात काय दम नाही."

सकाळी सातला गडी आंघोळ करून, चहा पिऊन, गाडीची किल्ली घेऊन तयार. चोर्ल्याच्या घाटाने निघायचं म्हणाला. डोळे स्वच्छ, बोलणं सरळ. मी किल्ली काढून घेतली. तो रुसला. बायको म्हणाली, "उतरलीय त्याची, कशाला अडवताय?"

बावीस वर्षं फार्मसीच्या काउंटरमागे उभा आहे, त्यामुळे ह्या 'उतरली'शी माझं जुनं भांडण आहे. बिलबुकाच्या मागच्या बाजूला त्याला हिशोब मांडून दाखवला. उर्राक साधारण १५ टक्क्यांचा. ७५० मिलीच्या बाटलीत ११२ मिलीच्या आसपास शुद्ध दारू, वजनात सुमारे ८९ ग्रॅम. मेव्हणा सत्तर किलोचा. दारू अंगभर पसरते ती पाण्यात, चरबीत नाही, म्हणून पुरुषाच्या वजनाचा साधारण ०.६८ इतकाच भाग धरायचा. विडमार्क नावाच्या स्वीडिश माणसाने हे गणित १९३२ मध्ये मांडलं, आजही कोर्टकचेऱ्यांत तेच वापरतात. भागाकार केला की १०० मिली रक्तात १८७ मिलिग्रॅम येतात. यकृत तासाला १५ च्या आसपास कमी करतं. नऊ ते सात दहा तास, म्हणजे १५० गेले. उरले ३७. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३०.

म्हणजे आंघोळ झालेला, चहा प्यालेला, सरळ बोलणारा माझा मेव्हणा कायद्याच्या भाषेत अजून प्यालेलाच होता. पाटी कोरी व्हायला साडेनऊ वाजणार होते, तेही त्याचं यकृत सरासरीने चालत असेल तर. कुणाचं तासाला १० नेच चालतं, कुणाचं २० च्या वर.

त्याला आपण शुद्धीत आहोत असं का वाटलं, ह्यालाही कारण आहे. रक्तातलं प्रमाण वर जात असताना माणूस जेवढ्यात झिंगतो, तेवढंच प्रमाण खाली येताना असलं तर त्याला ठीकठाक वाटतं. मेंदू तेवढ्या वेळात सरावलेला असतो. मेलनबी नावाच्या ब्रिटिश संशोधकाने हे १९१९ मध्ये नोंदवलं. बरं वाटणं आधी परततं, ब्रेकवर पाय मात्र उशीराच पडतो.

गंमत अशी की बाकीची बहुतेक औषधं दारूसारखी जात नाहीत. ती निम्म्या-निम्म्याने जातात : ठरावीक तासांत निम्मी, पुढच्या तितक्याच तासांत उरलेल्याची निम्मी. ह्याला हाफ-लाइफ म्हणतात, मराठीत अर्धायुकाल. दारूचं तसं नाही. यकृताकडे तिच्यासाठी खिडकी एक आणि कारकूनही एकच. रांग दहा माणसांची असो की शंभरांची, त्याचा वेग तोच.

काउंटरवर रोज असले प्रश्न येतात आणि मागे रांग असते म्हणून नीट उत्तर देता येत नाही. म्हणून हा धागा. दारू, तंबाखू, झोपेची गोळी, कफ सिरप, काहीही. ते अंगात शिरतं कसं, फिरतं कुठे, निघतं कसं, ह्यावर लिहू.

---

बोंडूवाला (सत्तरी)
१२ एप्रिल, रात्री ११.१५

खल-बत्ताबाब, आमच्या भट्टीवर दर मोसमात असे दोन-तीन मेव्हणे सापडतात. पहिल्या धारेचा तो उर्राक, तोच परत भट्टीवर चढवला की फेणी. फेणी ४२-४५ टक्क्यांची. तिला लोक भितात, घोट घोट घेतात. उर्राक तांब्याने पितात. त्यामुळे माणूस आडवा होतो तो बहुतेक वेळा उर्राकाने.

पण लिमकाच्या गॅसमुळे जास्त चढते, हे खरं की बारवाल्यांच्या गप्पा?

---

पोदेर
१२ एप्रिल, रात्री ११.२२

माझा आजा रोज संध्याकाळी एक पेग माडाची फेणी घ्यायचा. नव्वदीत गेला. त्याच्या यकृताला बिलबुक माहीत नव्हतं. 😄

---

खल-बत्ता
१३ एप्रिल, सकाळी ७.०५

बोंडूवाला, थोडं खरं आहे. दारू जठरात थोडीच शोषली जाते, खरं काम लहान आतड्यात होतं. म्हणजे सगळा खेळ जठराच्या खालच्या दाराचा. ते लवकर उघडलं की लवकर चढते. गॅसने काहींच्यात ते लवकर उघडतं, सगळ्यांच्यात नाही. पोटात भात-हुमण असलं की दार अडून राहतं, दारू हळूहळू पुढे सरकते आणि शिखर बुटकं राहतं. 'काहीतरी खाऊन घे' हा आईचा सल्ला म्हणूनच बरोबर. फक्त जेवण आधी हवं. चढल्यावर खाल्लेला ऑम्लेट-पाव काही शोषून घेत नाही. जे रक्तात गेलं ते गेलं.

पोदेर, आजोबांचा एकच पेग होता ना? तेवढं त्या कारकुनाला झेपतं.

रोज भरपूर पिणाऱ्याची गोष्ट निराळी. यकृत दारू मोडण्यासाठी दुसरी एक यंत्रणा वाढवून ठेवतं. तीच यंत्रणा पॅरासिटामॉलचा काही भाग विषारी पदार्थात बदलते. म्हणून रोज पिणारा माणूस सकाळी डोकं दुखतं म्हणून चार-चार गोळ्या मागायला आला की मी देत नाही. शिव्या खातो, पण देत नाही.

आणि काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची बादली, ओकारी काढणं : ह्यातल्या एकानेही त्या कारकुनाचा हात भरभर चालत नाही. कॉफीने फार तर झोपाळू बेवड्याचा जागा बेवडा होतो, आणि जागा असला की तो किल्ली शोधतो. बहुतेक दारू यकृतातूनच जाते. श्वास, घाम आणि लघवी मिळून दोन ते दहा टक्के. पोलिसांचं यंत्र त्या श्वासातल्या चिमूटभरावरूनच रक्तातली किती ते काढतं.

---

माटोळी (फोंडा)
१३ एप्रिल, दुपारी २.३०

मी इथे फक्त वाचायला येते, पण हाफ-लाइफ वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मामंजी गेल्यावर झोप येईना म्हणून एका डॉक्टरांनी डायझेपाम दिली. पंधरा दिवसांसाठी होती. ती चिठ्ठी घेऊन आम्ही पाच महिने आणत राहिलो, आणि कुणी विचारलंही नाही. पहिला आठवडा छान गेला. मग त्या दुपारीही झोपू लागल्या. नारळ खवता खवता आदोळीवरच डुलकी लागायची. मला एकाच नावाने दोनदा हाक मारायच्या. आम्ही म्हटलं वय झालं, विसरायला लागल्या. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडल्या. हाड वाचलं, कपाळाला चार टाके.

गोळी रोज रात्री एकच घेतात हो. जास्त नाही. मग एकाच गोळीने असं कसं?

---

खल-बत्ता
१३ एप्रिल, रात्री ९.५०

माटोळीताई, दुकान बंद करून निवांत लिहितोय, कारण ह्या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

सासूबाई रात्री एकच गोळी गिळतात. अंगात एकच असते असं नाही.

डायझेपामचा अर्धायुकाल तरुण माणसातही २० ते ५० तासांचा. यकृत ती मोडतं तेव्हा जो नवा पदार्थ तयार होतो, तोही झोप आणणाराच, आणि तो १०० तासांपर्यंत रेंगाळू शकतो. वय वाढलं की यकृत मंदावतं, अंगातलं पाणी घटतं, चरबीचा वाटा वाढतो. डायझेपामला चरबी आवडते. ती तिथे जाऊन बसते आणि थोडी थोडी बाहेर येत राहते.

आता सोपं गणित. अर्धायुकाल दोन दिवस धरा. पहिल्या रात्री एक गोळी. दुसऱ्या रात्री दुसरी घेताना पहिलीचा ७० टक्के भाग अजून आतच. तिसऱ्या रात्री आधीच्या दोघींचा मिळून सव्वा गोळीएवढा. असं करत दहाव्या दिवसाच्या सुमाराला रात्रीची गोळी घेतल्यावर अंगात जवळजवळ साडेतीन गोळ्यांचा साठा असतो, आणि मग तो तिथेच टिकतो. न्हाणीघरातल्या भाणात नळ रोज एक बादली सोडतोय आणि खालचं भोक बारीक आहे, असं समजा. म्हणून पहिला आठवडा छान गेला. भाण तेव्हा भरत होतं.

दुपारची झोप, विसरणं, तोल जाणं हे सगळं वयाचंच असेल असं नाही. गोळीचंही असू शकतं. पण उद्यापासून बंद करू नका. पाच महिन्यांच्या सवयीनंतर एकदम तोडली तर झोप उडणं, थरथर, घबराट, क्वचित झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांकडे जा, पाच महिने चालू आहे हे स्पष्ट सांगा, आणि टप्प्याटप्प्याने कमी करायची चिठ्ठी घ्या. कपाळाचे टाकेही दाखवा.

आणि जुन्या चिठ्ठीवर गोळी देणारा माझ्याच व्यवसायातला कुणीतरी आहे. त्याची लाज वाटली.

---

जुनी_पाने (पणजी)
१४ एप्रिल, सकाळी ८.१५

गोव्यात ही चर्चा नवी नाही. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये इथे आला. १५६३ मध्ये त्याचा संवादरूपी ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात भांग आहे, अफू आहे, धोतराही आहे. चोर अन्नात धोतरा मिसळून घरच्यांना भ्रमिष्ट करायचे आणि घर साफ करायचे, हे तेव्हाही माहीत होतं. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचंच नाव आहे. बाकांवर बसणाऱ्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. मेल्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याची हाडं उकरून जाळली. पण ते वेगळ्या धाग्यात.

माझा प्रश्न : धोतऱ्याचा अंमल दोन-दोन दिवस का राहतो?

---

खल-बत्ता
१४ एप्रिल, सकाळी ८.४०

कारण धोतरा स्वतःचीच वाट अडवतो. त्यातली अ‍ॅट्रोपीन, स्कोपोलामीन ही द्रव्यं आतड्याची हालचाल मंदावतात. बिया पोटातच पडून राहतात आणि विष तासन्‌तास झिरपत राहतं. माणूस सावरला असं वाटतं, मग परत बरळू लागतो. कुणी खाल्ल्याचा संशय आला तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, सरळ इस्पितळ गाठा.

---

मोरजीकर
१४ एप्रिल, दुपारी १२.१०

आमचं छोटं गेस्ट हाउस आहे. मागच्या डिसेंबरात एक जोडपं आलं होतं, चांगली शिकलेली, नोकरीवाली मुलं. बाहेरून कुठूनतरी ते गांजाचं 'स्पेशल' बिस्कीट आणलं होतं. त्याने एक खाल्लं. पाऊण तास झाला, काही होईना. "फसवलं" म्हणत आणखी दोन खाल्ली. साडेदहाला बायको दार बडवत आली. हा पलंगाची कड धरून बसलेला, छाती धडधडतेय, 'मी मरतोय' एवढं एकच वाक्य. १०८ बोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला जड जड वाटत होतं.

त्याचं म्हणणं, ओढलेलं कितीतरी वेळा झेपलंय, मग खाल्लेलं का नाही?

---

खल-बत्ता
१४ एप्रिल, रात्री १०.००

रस्ता बदलला की पदार्थही बदलतो. धूर ओढला की फुप्फुसातून रक्तात, तिथून मेंदूत, काही मिनिटांत. माणसाला कळतं की आता पुरे. खाल्लं की जठर, आतडं आणि तिथून आधी यकृत. आतड्यातलं सगळं रक्त पहिल्यांदा यकृतातून गाळून पुढे जातं. ह्या पहिल्या फेरीत बऱ्याच औषधांचा मोठा भाग वाटेतच खर्ची पडतो. गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, मात्र तिथे दुसरं रूप घेतो, आणि ते रूप मेंदूवर मूळच्याइतकं किंवा त्याहून जोरात चालतं. सुरू व्हायलाच अर्धा तास ते दोन तास. तुमच्या पाहुण्याने दुसरा हप्ता घेतला तेव्हा पहिला अजून यकृताच्या दारात होता.

दुसरी गोष्ट, टीएचसी चरबीत मुरतो. नशा काही तासांत जाते, पण रोज घेणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष कित्येक आठवडे सापडतात. भरपूर पाणी ढोसून चरबी धुतली जात नाही.

---

रातपाळी
१५ एप्रिल, पहाटे ४.३०

कॅज्युअल्टीत नर्स आहे, आत्ता जरा शांतता आहे म्हणून लिहिते.

हेरॉइन वगैरेने श्वास मंदावलेला माणूस आणला की नॅलोक्सोन देतात. दोन-तीन मिनिटांत निळा पडलेला माणूस डोळे उघडतो. बघण्यासारखं असतं. मग तो उठून बसतो, चिडतो आणि 'मला घरी जायचंय' म्हणून भांडतो. बरोबर आलेले मित्रही त्याचीच बाजू घेतात. त्यांना समजावणं हे इंजेक्शनपेक्षा कठीण काम. नॅलोक्सोनचा अंमल अर्धा ते दीड तास. ज्यावर ते दिलं त्याचा अंमल त्याहून लांब असू शकतो. उतारा आधी संपतो आणि खाली विष तसंच. घरी जाऊन 'झोपलेला' माणूस पुन्हा श्वास घ्यायला विसरतो. म्हणून आम्ही सोडत नाही, हट्टाने नाही.

---

मळलेली_चिमूट (पेडणे)
१५ एप्रिल, सकाळी ११.००

तंबाखूवर कुणी बोलेना म्हणून मी. माझी आई मशेरी लावते, बाप चुना-तंबाखू मळायचा. चुना कशाला लागतो? बापाला विचारलं तर म्हणायचा, "चुन्याशिवाय तंबाखू म्हणजे मिठाशिवाय पेज."

---

खल-बत्ता
१५ एप्रिल, दुपारी ३.२०

वडील शाळेत किती शिकले होते माहीत नाही, पण रसायनशास्त्र पक्कं होतं. निकोटीन आम्लात असलं की त्याच्या कणावर भार येतो, आणि भार असलेला कण गालाच्या आतल्या कातडीतून आत शिरत नाही. चुन्याने तोंडातला तंबाखू अल्कधर्मी झाला की तो भार उतरतो आणि निकोटीन सुळकन पार होतं. अंगठ्याने तळहातावर मळणं म्हणजे तो चुना पानाच्या प्रत्येक चुऱ्याला लावणं. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत कोकाची पानं चघळणारे लोकही तोंडात चुन्यासारखंच काहीतरी ठेवतात. ह्यांनी त्यांना शिकवलं नाही, त्यांनी ह्यांना नाही.

गालातून गेलेल्याला आणखी एक सवलत : ते यकृताची पहिली फेरी चुकवतं. तेच निकोटीन गिळलं तर बरंचसं यकृतातच खपतं. विडी-सिगरेट ह्याहून वेगवान, झुरक्यापासून मेंदूपर्यंत दहा ते वीस सेकंद. जितक्या लवकर पोचतं तितकी सवय घट्ट, कारण हाताची हालचाल आणि बरं वाटणं ह्यांची मेंदूत गाठ बसते. निकोटीनचा अर्धायुकाल दोनच तासांचा, म्हणून आईची मशेरी दिवसातून इतक्यांदा निघते. दोन तास झाले की डबीकडे हात जातोच. घरात बाळंतीण असेल तर तिला सांगा, निकोटीन दुधात उतरतं.

---

तारवटी
१६ एप्रिल, रात्री ९.००

बोटीवर असतो, पुढच्या महिन्यात जॉइनिंग, त्याआधी मेडिकल. दारूची मर्यादा आम्हाला पाठ आहे : खलाशांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या २०१० च्या मनिला सुधारणांप्रमाणे ०.०५ टक्के, कंपनीची त्याहून कडक. माझी भीती वेगळीच. एकजण म्हणाला, शाकुती खाऊ नको, खसखशीने अफू पॉझिटिव्ह येते. आई तर निघायच्या आदल्या दिवशी शाकुती केल्याशिवाय सोडत नाही!

---

पोदेर
१६ एप्रिल, रात्री ९.०४

कंपनीला सांग, आईची पण टेस्ट घ्या.

---

खल-बत्ता
१६ एप्रिल, रात्री १०.३०

तारवटीबाब, हसण्यावारी नेऊ नका, मुळात खरं आहे. खसखशीच्या दाण्याला बोंडाचा चीक लागलेला असतो, त्यातून लघवीत मॉर्फीन दिसू शकतं. अमेरिकेत पावाला खसखस लावून खाणारे लोक इतके अडकले की १९९८ मध्ये तिथल्या सरकारी चाचणीची पातळी मिलीला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. शाकुतीच्या वाटपात खसखस चमचा-दोन चमचे, तीही भाजलेली, आणि दहा जणांच्या ताटात वाटली जाते. धोका कमी आहे. तरी मेडिकलच्या आधीचे दोन-चार दिवस आईला कॅफ्रियाल करायला सांगा आणि शाकुती परत आल्यावर खा.

त्याहून जास्त सांभाळायचं ते कफ सिरप. कोडीन असलेलं सिरप घेतलं की कोडीनचा काही भाग यकृतात मॉर्फीनच होतो. खोकला झाला असेल तर चिठ्ठी जवळ ठेवा आणि नमुना देण्याआधीच लिहून सांगा. हा बदल करणारं विकर (एन्झाइम) सगळ्यांच्यात सारखं नसतं. कुणाच्यात इतकं मंद की कोडीनने काहीच होत नाही, कुणाच्यात इतकं जलद की नेहमीचा डोसही अंगावर येतो. मुलांना मोठ्यांचं सिरप 'अर्धं झाकण' देणाऱ्या घरांनी हे वाचावं.

---

एक_वाचक
१८ एप्रिल, रात्री ११.५०

नाव बदलून लिहितोय.

माझा धाकटा भाऊ लिथियमवर आहे, सहा वर्षं. उत्तम चाललं होतं. गेल्या वर्षी लईराई देवीच्या जत्रेला धोंड (व्रतस्थ भक्त) म्हणून व्रत धरलं. आम्ही खुश, भाऊ माणसांत मिसळतोय म्हणून. जेवण साधं, त्यात त्याने मनाने मीठही सोडलं. दिवसभर ऊन, घाम, पाणी कमी. पाय सुजले म्हणून कुणीतरी आयबुप्रोफेन दिली, ती तीन दिवस घेतली. चौथ्या दिवशी हात थरथरू लागले, चालताना झोकांड्या, उलट्या, शब्द अडखळत. आजूबाजूचे म्हणाले, अंगात देवीचा भार आला. आम्हीही हात जोडून उभे. अर्धा दिवस तसाच गेला. शेवटी चुलत बहिणीने रिक्षात घातलं. रक्तात लिथियम २.१ निघालं. सलाइनवर ठेवलं, आता बरा आहे.

गोळ्या तेवढ्याच घेत होता. एकही जास्त नाही. मला अजून कळत नाही.

---

खल-बत्ता
१९ एप्रिल, सकाळी ६.४५

तुमचं लिहिणं वाचून रात्री झोप लागली नाही.

लिथियम यकृतात मोडत नाही, ते मोडण्यासारखं नाहीच. मिठातल्या सोडियमचा तो नात्यातला, आणि बाहेर जायचा त्याचा रस्ता एकच, मूत्रपिंड. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम नीट वेगळे ओळखत नाही. अंगात मीठ आणि पाणी कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवू लागतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरतं. अळणी जेवण, वर घाम, वर तहान, आणि त्यावर आयबुप्रोफेन, जी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळून लिथियमची वाट आणखी अरुंद करते. चारही गोष्टी एकाच आठवड्यात. नळ तेवढाच होता, भोक बुजलं. नेहमीची पातळी ०.६ ते १.० च्या आसपास ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची भीती, आणि भाऊ २.१ वर होता.

ह्यात तुमची चूक नाही, त्याच्या श्रद्धेचीही नाही. व्रत धरायचं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. मीठ नेहमीइतकंच, पाणी भरपूर, दुखण्यासाठी काय चालेल ते त्यांनाच विचारून. जुलाब-उलटीतही हाच नियम. आणि त्याच्या पाकिटात 'लिथियम चालू आहे' एवढी चिठ्ठी ठेवा.

---

बोंडूवाला
१९ एप्रिल, दुपारी १.००

आयबुप्रोफेन आमच्याकडे भट्टीवर सगळे शेंगदाण्यासारखी खातात. आजच सगळ्यांना विचारतो कोण काय घेतो ते.

---

मोरजीकर
१९ एप्रिल, दुपारी १.४०

जुलाबाच्या गोळीबद्दल पण ऐकलंय, ती म्हणे अफूच्या जातीची. पर्यटकांना मी सर्रास देतो. बंद करू?

---

खल-बत्ता
१९ एप्रिल, रात्री ९.१५

लोपेरामाइड. जात तीच, पण मेंदूच्या वेशीवर पहारेकरी आहेत. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की फटीतून काही जात नाही, आणि चरबीत विरघळून जे घुसतं त्यातलं काही पंप लावून परत बाहेर फेकलं जातं. लोपेरामाइड त्या पंपाच्या यादीत आहे. नेहमीच्या मात्रेत आतड्यावर काम करते, डोक्यात पोचत नाही. मात्रा ओलांडली तर मात्र हृदयाचा ठोका बिघडतो. पाकिटावर लिहिलंय तेवढीच द्या, आणि ताप किंवा रक्त असेल तर देऊच नका.

---

माटोळी
११ मे, संध्याकाळी ६.२०

धागा खाली गेलाय, तरी कळवते. डॉक्टरांनी गोळी पाव-पावने कमी करायला सांगितलंय, दर दोन आठवड्यांनी. पहिले तीन-चार दिवस सासूबाई रात्री उठून बसायच्या, मीही बसायचे. मग सुटलं. अजून निम्मी चालू आहे.

काल दुपारी झोपल्या नाहीत. आदोळी पुढ्यात घेऊन दोन नारळ खवले, आणि माझा चहा पिऊन म्हणाल्या, "आलं घालायला विसरलीस. किती दिवस असाच पाजते आहेस?"

---

खल-बत्ता
११ मे, रात्री ८.००

किती दिवस पाजत होतात, खरं सांगा.

---

माटोळी
११ मे, रात्री ८.०३

पाच महिने. 🙈